चौदा दिवस आणि पंधरा टक्के

सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं नाही तर काय होतं, हे आपल्याकडे गावातल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो झोपेतसुद्धा सांगेल. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेवर फेडलं तर शून्य टक्के. एक दिवस जरी उशीर झाला तरी सवलत गेली, व्याज सुरू. त्यासाठी सोसायटीच्या सचिवाला कुणाकडे तक्रार करावी लागत नाही, सुनावणी होत नाही, वकील लागत नाही. तारीख उलटली की आकडा आपोआप बदलतो. घरच्या वीजबिलाचं तेच, बँकेच्या हप्त्याचं तेच. शेतकऱ्याने उशीर केला तर त्याचा दंड ही एक स्वयंचलित गोष्ट आहे.

आता हीच वाट उलट्या बाजूने चालून बघा. शेतकऱ्याचे पैसे कुणी थकवले तर काय होतं?

कागदावर बरंच काही होतं. उसाचंच घ्या. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांच्या आत एफआरपीचे पैसे द्यायचे. नाही दिले तर थकलेल्या दिवसांचं वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायचं. ही तरतूद कुठल्या शेतकरी संघटनेच्या पत्रकातली नाही, सरकारच्या आदेशातली आहे. आता माझा साधा प्रश्न: तुमच्या ओळखीतल्या किती ऊसवाल्यांना हे पंधरा टक्के मिळाले आहेत? मी गेली काही वर्षं भेटेल त्याला हे विचारतो. सांगली, कोल्हापूर, नगर, कुठलाही असो. उत्तर म्हणून बहुतेक वेळा हसूच मिळतं. मुद्दल मिळालं तेच नशीब, असं ते हसू असतं.

आणि समजा मिळालं, तरी ते किती? हिशोब करून बघू. शंभर टन ऊस गेला, तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात तीन लाख यायचे होते. चौदा दिवसांची मुदत संपल्यावर कारखान्याने आणखी साठ दिवस लावले. पंधरा टक्क्यांनी साठ दिवसांचं व्याज होतं सात हजार चारशेच्या आसपास. म्हणजे कारखान्याने पकडलं जाऊन, कबूल होऊन, सगळं चुकतं केलं तरी त्याला पडलेला भुर्दंड एवढाच. खेळतं भांडवल बँकेकडून घ्यायचं तर तारण द्यावं लागतं, साखरेचा साठा गहाण टाकावा लागतो. शेतकऱ्याकडून घेतलेल्या भांडवलाला तारण नाही, कागद नाही, आणि व्याज मागितलं तरच. मग कोण शहाणा चीफ अकाउंटंट आधी शेतकऱ्याचे पैसे देईल? मी त्या खुर्चीत असतो तर मीही आधी बँक, मग पगार, मग बारदानवाला आणि शेवटी शेतकरी हाच क्रम लावला असता. ज्याचे पैसे थकवणं सगळ्यात स्वस्त, त्याचे शेवटी. यात त्या माणसाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. दंडाचा दरच तसा लावलेला आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तर राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन तुकड्यांत द्यायला परवानगीच दिली. केंद्राचा आदेश म्हणतो चौदा दिवसांत सगळी, राज्य म्हणतं थोडी आत्ता, उरलेली हंगाम संपल्यावर, उतारा कळला की. राजू शेट्टी कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. तीन वर्षं. तीन हंगामांचा ऊस त्या निर्णयाखाली गाळून झाला होता. आता त्या तीन वर्षांतल्या उशिराचं व्याज कोण कुणाकडे मागणार? असो.

थोडं विषयांतर. मुंबईच्या लोकलमध्ये विनातिकीट सापडलात तर तिकिटाचे पैसे आणि वर किमान अडीचशे रुपये दंड. समजा तिकीट दहा रुपयांचं आहे. रेल्वेने दंड वीस रुपये ठेवला असता तर? टीसी पन्नास फेऱ्यांत एकदा भेटतो असं धरा. पन्नास फेऱ्यांचे पाचशे रुपये वाचले आणि एकदा तीस भरले. कोण तिकीट काढेल? (अडीचशेलासुद्धा हिशोब फुकट्याच्याच बाजूने जातो, हे हुशार वाचकांच्या लक्षात आलं असेलच. पण तिथे चारचौघांत लाज वाटणं हाही एक दंड असतो.) गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६८ साली हे गणितात मांडून दाखवलं आणि पुढे त्याला नोबेलही मिळालं. पण आपल्या आठवडी बाजारातल्या कुठल्याही बाईला ते उपजत कळतं: लबाडीतून जेवढं सुटतं त्याला पकडलं जाण्याच्या शक्यतेने भागा, दंड त्याहून जास्त हवा. शंभरातला एक पकडला जात असेल तर नुसतं 'घेतलेलं परत कर, वर थोडं व्याज दे' हा दंड होत नाही. ते उशिरा फेडलेलं कर्ज झालं.

आता प्रश्न येतो की शंभरातला एकच का पकडला जातो. कारण तक्रार करणारा एकच असतो. आणि तो एकच का असतो, हे सांगायला मला पुस्तकात बघायची गरज नाही.

आमच्या घरची द्राक्षबाग काका बघतात. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने बागेतून माल उचलला, निम्मे रोख दिले, निम्म्याचा चेक. चेक परत आला. व्यापारी म्हणाला पुन्हा टाका. पुन्हा टाकला, पुन्हा परत. मी पुण्याहून मोठ्या तावातावाने काकांना फोन केला की कलम १३८ खाली नोटीस पाठवू, चेक न वटणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड आहे. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् पुढल्या साली माल काय तू घेणारे का?"

मला त्यावर उत्तर सुचलं नव्हतं. पैसे पुढे आले म्हणा, तुकड्यातुकड्यांत, मे-जूनपर्यंत. पण औषधवाल्या दुकानदाराची उधारी तोवर वाढत होती आणि त्याचं व्याज मात्र अगदी नेमाने लागत होतं. काकांचं गणित बरोबर होतं. द्राक्षाचा माल तयार झाला की आठ-दहा दिवसांत काढावा लागतो, नाहीतर साखर वाढते, मणी फुटतात, पाऊस आला तर सगळंच संपतं. गावात येणारे व्यापारी मोजके, आणि ते एकमेकांना ओळखतात. 'हा कोर्टात जाणारा आहे' असा शिक्का एकदा बसला की पुढच्या वर्षी बागेच्या बांधावर गाडी थांबत नाही. ही भीती ज्या कायद्याने हिशोबात धरली नाही, तो कायदा नाशवंत मालासाठी लिहिलेलाच नाही असं मी समजतो.

हे फक्त थकबाकीचं नाही. कांद्याचं बघा. लिलावात ट्रॉलीला भाव पुकारला जातो, सौदा पावती होते. मग ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली करायला जातो. तिथे निम्मा माल खाली झाल्यावर कुणीतरी हाळी देतो, 'खाली माल हलका निघाला.' झाला वांधा! आता समजा पावतीवरच्या भावातून दोनशे कमी घ्या म्हणतात. अर्धी ट्रॉली रिकामी, अर्धी भरलेली, भाड्याचा ट्रॅक्टर ताटकळलेला, संध्याकाळ होत आलेली. या घडीला 'नाही' म्हणणारा शेतकरी मला दाखवा. शिवाय वजनात कडता, हमाली, तोलाई, वाराई. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात पाचशे बारा किलो कांद्याची सगळी वजावट होऊन एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला आणि तो फोटो देशभर फिरला. लोक दोन रुपयांवर हळहळले. माझं लक्ष त्या चेकच्या तारखेकडे गेलं होतं. तो चेकसुद्धा पुढच्या तारखेचा होता! दोन रुपये! तेही उधार!

यावर लोक म्हणतात, मग बाजार समिती कशाला आहे? समितीचं संचालक मंडळ अठरा जणांचं. त्यात व्यापारी-अडत्यांचे फक्त दोन, बाकी बहुतेक सोसायट्या आणि ग्रामपंचायतींमधून निवडून आलेले. म्हणजे कागदावर शेतकऱ्यांचंच राज्य. पण समितीचं उत्पन्न म्हणजे बाजार शुल्क, आणि ते शुल्क भरतो व्यापारी. ज्याचा परवाना रद्द करायचा त्याच्याच शुल्कावर समितीचे पगार होतात, रस्ते होतात, संचालकांच्या गाड्या फिरतात. आणि परवाना रद्द करायची नुसती भाषा केली तरी बाकीचे व्यापारी लिलाव बंद पाडतात. डिसेंबर २०१४ मध्ये तेव्हाच्या पणन संचालकांनी शेतकऱ्याकडून अडत घ्यायची नाही असा आदेश काढला होता. व्यापाऱ्यांनी बंद पुकारला आणि सरकारने आठवड्याच्या आत आपल्याच अधिकाऱ्याच्या आदेशाला स्थगिती दिली. शेवटी जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय झाला, तेव्हाही बंद झालाच. म्हणजे शिक्षा करणाऱ्यालाच शिक्षा होते, अशी ही व्यवस्था.

दिल्लीच्या २०२० च्या कायद्यांबद्दल मी त्या वेळी इथे लिहिलं नव्हतं, कारण दोन्ही बाजूंनी इतका आरडाओरडा चालू होता की मधे बोलणाऱ्याचा आवाज पोचत नव्हता. ते कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले, विषय संपला. पण त्यातल्या व्यापाराच्या कायद्यात दंडाचं कलम होतं, त्याकडे तेव्हा कुणी फारसं पाहिलं नाही. पैसे त्याच दिवशी, किंवा फार तर तीन कामाच्या दिवसांत. मोडलं तर दंड पंचवीस हजार ते पाच लाख, आणि पुढे चालू राहिलं तर दिवसाला पाच हजारांपर्यंत. तक्रार प्रांताकडे. धुळे जिल्ह्यातल्या एका मका उत्पादकाने या कायद्याखाली तक्रार करून अडकलेले पैसे मिळवले आणि पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२० च्या 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेखही केला. म्हणजे चालू शकत होतं. पण आकडे बघा. गावातल्या मका व्यापाऱ्याला पंचवीस हजार जड जातात. देशभर खरेदी करणाऱ्या कंपनीला पाच लाख म्हणजे एका दिवसाचा चहा. ठरावीक रुपयांत लिहिलेला दंड लहानाला मारतो आणि मोठ्याला गुदगुल्या करतो. शिवाय रुपयाची किंमत दरवर्षी घसरते, कायद्यातला आकडा तिथेच बसून राहतो.

मग दंड कसा लावायचा? उलाढालीच्या टक्क्यांत. हे काही परकं खूळ नाही. आपल्याच २००२ च्या स्पर्धा कायद्यात उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सिमेंटवाल्यांनी संगनमत केलं तर टक्क्यांत दंड चालतो. कांदा-द्राक्षाच्या पट्टीला मात्र कायम रुपयांत, तेही जुन्या रुपयांत.

ब्रिटनचं उदाहरण मला यात फार शिकण्यासारखं वाटतं, आणि ते दोन्ही बाजूंनी. तिथे २०१३ साली मोठ्या सुपरमार्केटांवर नजर ठेवायला एक स्वतंत्र लवाद नेमला. नियमावली मोडली तर तिथल्या उलाढालीच्या एक टक्क्यापर्यंत दंड. पण हा दंडाचा अधिकार प्रत्यक्षात आला एप्रिल २०१५ मध्ये. त्याआधीच्या काळात टेस्को या सगळ्यात मोठ्या साखळीने पुरवठादारांचे पैसे मुद्दाम उशिरा दिले, काहींचे वर्षाहून जास्त लटकवले, असं लवादाच्या चौकशीत २०१६ साली सिद्ध झालं. दंड किती? शून्य. गुन्हा आधीचा, अधिकार नंतरचा! पुढेही वर्षानुवर्षं त्या एक टक्क्याचा दंड कुणावर लागला नाही. मग हे सगळं वाया गेलं का? तसंही नाही. २०१४ च्या पाहणीत दहातल्या जवळजवळ आठ पुरवठादारांनी सांगितलं होतं की आम्हाला नियमभंगाचा त्रास होतो. पुढच्या सहा-सात वर्षांत ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं. का? माझ्या मते दोन कारणं. एक म्हणजे तक्रारदाराचं नाव लवाद कुणाला सांगू शकत नाही, कायद्यानेच. माझ्या काकांच्या प्रश्नाला तिथे थोडं तरी उत्तर आहे. दुसरं म्हणजे मोडणाऱ्याचं नाव मात्र अहवालात छापून येतं, आणि डोक्यावर एक टक्क्याची तलवार लटकत असताना येतं. तरीही त्यात मोठं भोक आहे. ही नियमावली सुपरमार्केटला थेट माल देणाऱ्यांपुरती. मधल्या पॅकहाउसला माल घालणारा शेतकरी तिथेही बाहेरच.

पण खरं सांगायचं तर मला लंडनपर्यंत जायचीही गरज वाटत नाही, इंदूरपर्यंत गेलं तरी पुरे. मध्य प्रदेशच्या मंडी कायद्यात असं आहे: पैसे त्याच दिवशी. नाही दिले तर पाच दिवसांपर्यंत दिवसाला एक टक्का जास्त. तेवढ्यातही दिले नाहीत तर सहाव्या दिवशी परवाना रद्द झाला असं धरायचं आणि वर्षभर नवा द्यायचा नाही. 'रद्द करता येईल' असं नाही, 'रद्द झाला असं धरायचं'. समितीची बैठक नाही, ठराव नाही, कुणाचा फोन नाही. केंद्राने २००३ मध्ये सगळ्या राज्यांना पाठवलेल्या नमुना कायद्यातही हे होतं. दिवसाला एक टक्का म्हणजे आपल्या त्या तीन लाखांवर रोजचे तीन हजार. उसाच्या पंधरा टक्क्यांत साठ दिवसांना जेवढं होतं, ते इथे अडीच दिवसांत. तिथल्या सगळ्या मंड्यांत हे काटेकोर पाळलं जातं असा माझा दावा अजिबात नाही. पण निदान तिथे लिहिणाऱ्याला कळलं होतं की दंड कुणाच्या मर्जीवर सोडायचा नसतो.

आणि असा आपोआप लागणारा दंड आपल्याकडे चालतो, याचा ताजा पुरावाही आहे. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, हा कायदा २००६ पासून होता. मोठ्या कंपन्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करतो कोण! मग २०२३ च्या अर्थसंकल्पात एक छोटीशी दुरुस्ती आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजावटीला धरायचा नाही. मार्च २०२४ मध्ये अकाउंटंट लोकांची जी धावपळ उडाली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. वर्षानुवर्षं 'प्रोसेसमध्ये आहे' असं ऐकवणारे लोक स्वतः फोन करून बँक खात्याचा नंबर मागत होते. एकाही पुरवठादाराला तक्रार करावी लागली नाही. फक्त या कायद्यात शेती हा 'उद्योग' नाही. स्क्रू बनवणाऱ्याला ते संरक्षण आहे, द्राक्ष पिकवणाऱ्याला नाही. का नाही, हे कुणी समजावून सांगितलं तर ऐकायला मी तयार आहे.

एक आक्षेप मात्र मला खरोखर विचार करायला लावतो, आणि तो एका लहान अडत्यानेच घेतला. तो म्हणाला, साहेब, मला निर्यातदार दोन-दोन महिने पैसे देत नाही, दिल्लीचा व्यापारी देत नाही, मॉलवाला 'माल सडका निघाला' म्हणून परस्पर कापून घेतो, आणि तुम्ही दंड मला लावणार. खोटं नाही त्यात. साखळीतल्या सगळ्यात खालच्या कडीवर दिवसाला एक टक्का लावला आणि वरच्यांना मोकळं सोडलं, तर चार लहान अडते बुडतील आणि राहतील ते बडे. युरोपीय महासंघाने २०१९ मध्ये जो निर्देश काढला त्यात यावर तोड आहे: उलाढालीच्या पायऱ्या. आपल्यापेक्षा वरच्या पायरीवरच्या खरेदीदारापासून खालच्याला संरक्षण, आणि नाशवंत मालाला तीस दिवसांची कमाल मुदत, प्रत्येक पायरीवर. तीस दिवस आपल्याकडे फार झाले, इथे तेवढ्यात दोन फवारण्या होऊन जातात. पण दंड वरून खाली यावा, ही कल्पना धरायला हरकत नाही. मॉलने अडत्याला उशीर केला तर त्याचा भुर्दंड मॉलला, त्याच्या उलाढालीच्या मापाने. अडत्याने शेतकऱ्याला उशीर केला तर अडत्याला, त्याच्या मापाने.

मी त्या अडत्याला विचारलं की असा कायदा आला तर मॉलवाल्याची तक्रार तू करशील का. तो म्हणाला, "नाव बाहेर जाणार नसेल तर उद्या करतो. नाहीतर पुढल्या महिन्यात माझा माल कोण घेईल?"